मागच्या रोटरमधली फुंकर

आधी एक कबुली देतो. या पेजवर मी दोन वर्षांपासून आहे तो फक्त टिंगल करायला. कुणी लिहिलं की माळ्यावर पावलं वाजली, तर खाली 'मांजर असेल' अशी कमेंट टाकणारा मीच. माझा लेथचा धंदा आहे. आवाज आला म्हणजे काहीतरी सैल झालंय, घासतंय किंवा फुटलंय, एवढंच मला माहीत. भूत, करणी, बाहेरचं वगैरेवर माझा आजही विश्वास नाही... म्हणून तर हे कुठल्या खान्यात टाकावं ते कळत नाही. तुम्ही वाचा आणि सांगा. फक्त मांजर म्हणू नका.

कळमनुरीला नांदेड रस्त्यावरून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत आमचं घर. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याचं शेड. शेडची आणि अप्पांच्या खोलीची भिंत एकच, मधे गजांची खिडकी. अप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी शेतातली ऑइल इंजिनं दुरुस्त केली, पार सिद्धेश्वर धरणाखालच्या गावांपर्यंत. डिझेलचा धूर आणि बिड्या यांनी मिळून त्यांची छाती खाल्ली. तीन वर्षांपासून खोलीत ऑक्सिजनचं मशीन आहे आणि अप्पांच्या नाकात नळी. लाइट गेली की माझी बायको वैशाली आधी इन्व्हर्टरकडे पळते, मग गॅस बारीक करायला.

गाडी आली मागच्या दिवाळीनंतर. जपानी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार, रोटरी इंजिनची. हैदराबादच्या एका डॉक्टरांनी हौसेनं बाहेरून मागवलेली, पण इंजिन जाम झालं आणि कुणालाच ते उघडता येईना, म्हणून कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, ती मी स्वस्तात विकत घेतली. कॉलेजात असताना अशा इंजिनाचं चित्र पाहिलं होतं, तेव्हापासूनचं माझं वेड. ट्रकमधून उतरवली तेव्हा अख्खी गल्ली जमली. सलीम म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त, डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ही चालवायची का पायात घालायची.

या इंजिनाची एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. साध्या गाडीत पिस्टन वर-खाली होतो. यात पिस्टनच नाही. फुगीर समोशासारखा तीन बाजूंचा लोखंडी रोटर एका लांबट घरात गरगर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्यांची सील असतात, ती हवा दाबून धरतात. माझ्या इंजिनात असे दोन रोटर, एक पुढे, एक मागे. ठिणगी टाकणारे प्लग काढून मधला शाफ्ट हातानं फिरवला की प्रत्येक वेढ्याला प्लगच्या भोकातून 'फस' असा आवाज येतो. तीन वेढे, तीन फस. रोटरला बाजूच तीन. चौथी फस येण्यासाठी चौथा वेढा फिरवावा लागतो.

अप्पांनी आधी थट्टा केली. पिस्टन न्हाई तर त्यात फिरतं काय, डोकं का, असं म्हणाले. पण मी रोटर काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बापाचा चेहरा बदलला. दुपारभर बोटांनी चाचपत बसले. त्या दिवसापासून मी एकेक पार्ट खिडकीतून आत द्यायचा आणि त्यांनी तपासून बाहेर. वैशाली म्हणायची, अप्पा हल्ली अर्ध्याऐवजी दीड भाकरी खातात. मी इंजिनाची हवा आत घेण्याची भोकं ग्राइंडरनं मोठी केली, जुन्या नळ्यांचं जंजाळ काढून टाकलं, स्वतः वेल्ड केलेल्या पाइपावर मोठा कार्बोरेटर बसवला, पिकअपचा रेडिएटर कापून-जोडून लावला. नवीन सील बाहेरून मागवली. प्रत्येक कामावर अप्पांचा शेरा असायचाच, पण एकदा, कुठलाही विषय नसताना, ते म्हणाले, "याचा आवाज ऐकून जाऊ दे मला. मंग खुशाल." मी म्हटलं, ऐकाल की. त्या वेळी ते अगदी सोपं वाटत होतं.

आता माझी चूक सांगतो. अप्पांचा एक नियम होता, त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे तो पाळतात. इंजिनावर झाकण बसवण्याआधी शेवटची धूळ कॉम्प्रेसरनं उडवायची नाही, मिस्त्रीनं तोंडानं फुंकर मारायची. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं म्हणे. माणसाच्या श्वासात तर त्याहून जास्त पाणी असतं हे मी शाळेत शिकलोय, पण बापाला कोण सांगणार. आणि खरं बोलायचं तर मलाही फुंकर मारल्याशिवाय झाकण ठेववत नाही. हात धजत नाही.

रोटरी इंजिन थरावर थर ठेवून बांधतात. सगळ्यात शेवटी मागचा रोटर, त्याचं घर आणि त्यावर झाकण. बाजाराचा दिवस होता, सकाळचे अकरा वाजलेले, वैशाली भाजी आणायला गेलेली. मी झाकण उचललं आणि पाहतो तर अप्पा भिंतीला धरून शेडच्या दारात उभे. नाकात नळी नाही. फुंकर मीच मारनार म्हणाले. मी म्हटलं अप्पा, राहू द्या, मी मारतो की. तर म्हणाले, हितं मिस्त्री कोण हाय, तू का मी.

मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. मी हसलो आणि बाजूला झालो.

ते वाकले आणि मागच्या रोटरवर फुंकर मारली. एवढा लांब श्वास त्या छातीत उरला होता हे मला माहीत नव्हतं. संपतच नव्हता. मी लगेच झाकण ठेवलं, कारण नियमच तसा आहे, फुंकर मारली की वेळ घालवायचा नाही. मग वळून पाहिलं तर अप्पा जमिनीवर बसलेले, ओठ निळे. उचलून खोलीत नेलं, नळी लावली, बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा बघून मशीन होतं तेवढं वाढवलं. अर्ध्या तासानं आकडा वर आला, अप्पांनी चहा मागितला, माझ्या जिवात जीव आला. वैशालीला मी काही सांगितलं नाही.

तीन दिवसांनी कॉम्प्रेशन, म्हणजे हवा नीट दाबली जाते का ते, बघायला बसलो. सगळे बोल्ट कसलेले, प्लग अजून बसवलेले नव्हते. पुढच्या रोटरला तीन वेढे दिले, तीन फस आल्या, कान तृप्त झाले. मागच्या रोटरला तीन वेढे दिले, तीन फस. हात थांबवला. आणि मग, शाफ्ट जागेवर उभा असताना, एक चौथी आली. हळू, लांब.

मला काय वाटलं असेल? काही नाही. आत दाबून राहिलेली हवा सीलमधून गळतेय, बस. प्लगची सगळी भोकं उघडी आहेत ना ते पाहिलं, म्हणजे हवा दाबून राहण्याचा प्रश्नच नको, आणि शाफ्ट पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. भोकासमोर कागदाची पट्टी धरली, ती हलली. सायलेन्सरच्या बाजूच्या भोकातून सील बघायला आम्ही दांडीला लावलेला छोटा आरसा वापरतो. तो आत घातला, बॅटरी मारली, तर सील दिसेनाच. आरशावर वाफ धरली होती. दुपारचं कडक ऊन, पत्र्याचं शेड, हात लावला तर चटका बसेल असं लोखंड, आणि आरशावर वाफ.

सलीमला बोलावलं. त्याला काही न सांगता म्हटलं, मी फिरवतो, तू मोज. तो चार म्हणाला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, याला बाजू तर तीनच हायत ना रे. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. रेकॉर्डिंगमध्ये तीनच ऐकू येतात. सलीमनं पाच वेळा ऐकलं आणि मोबाइल परत देऊन आपल्या कामाला निघून गेला, जे तो एरवी कधीच करत नाही.

त्याच आठवड्यात वैशालीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाली, अप्पांचा श्वास बराबर चालत नाही. तीन घेतात, मग एक गाळल्यासारखे थांबतात, मग पुन्हा तीन. मी जाऊन बसलो आणि मोजलं. एक, दोन, तीन... आणि मधे रिकामं. अप्पांना त्याचा पत्ताच नव्हता, ते पेपर वाचत होते. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, अशा फुप्फुसात असं होऊ शकतं, लक्ष ठेवा. मी मान हलवली. चौथ्या फसचा आणि याचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही... किंवा आलं असेल, मी ते येऊ दिलं नाही.

इंजिन गाडीत चढवलं. चालू करायचा दिवस ठरला, दुपारची जेवणं झाल्यावर. ऑक्सिजनजवळ पेट्रोल नको म्हणून अप्पांना त्यांच्याच खोलीत, खिडकीपासून जरा मागे खुर्चीवर बसवलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इंजिन बांधून झाल्यापासून प्लगची भोकं मी कापडानं नुसती झाकून ठेवली होती. त्या दिवशी पहिल्यांदा प्लग बसवले. आधी पुढचे, मग मागचे. सलीमनं नारळ फोडला. मी सीटवर बसून चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिनानं उचल खाल्ली नाही, पण खाणार होतं. इंजिनवाल्याला ते कळतं.

तेवढ्यात आतून वैशाली ओरडली. मी खिडकीशी धावलो. अप्पा खुर्चीत ताठ बसलेले, तोंड उघडं, डोळे माझ्यावर, आणि छाती हलत नव्हती. नळी नाकात होती, मशीन चालू होतं. वैशाली त्यांची पाठ चोळत होती. मी नुसता उभा राहिलो.

"नागेश," सलीम मागून म्हणाला, "मागचा प्लग काढ."

का, असं मी विचारलं नाही. नंतर मी त्याला विचारलं तर त्यालाही सांगता आलं नाही. मी पाना लावला, तो दोनदा निसटला. प्लग निघाला आणि भोकातून एक लांब फस बाहेर आली, माझ्या मनगटाला गरम लागली. आत अप्पांनी श्वास घेतला.

डॉक्टर म्हणाले, पेट्रोलची वाफ लागली. माणूस असा अधू आणि तुम्ही शेजारी गाड्या चालू करता, डोकं ठिकाणावर आहे का. बरोबरच होतं त्यांचं. मलाही तेच हवं होतं, पेट्रोलची वाफ. इंजिनात हवेला बाहेर पडायला सायलेन्सरकडूनही वाट असते, म्हणजे प्लगमुळे काही कोंडलं गेलं, हे तांत्रिकदृष्ट्याही बसत नाही. मी स्वतःला हे दहा दिवस समजावलं.

मग मी एक गोष्ट केली, जिची मला आजही लाज वाटते. टाकीतलं सगळं पेट्रोल काढून गल्लीच्या टोकाला नेऊन ठेवलं. खिडकी बंद केली. अप्पा पुढच्या खोलीत टीव्ही बघत होते. वैशाली त्यांच्याजवळ, फोन चालू, ती हळू आवाजात मोजत होती. मी शेडमध्ये मागचे प्लग हातानं बसवले. फोनवर ऐकू आलं, "एक... दोन... तीन..." आणि मग काही नाही. मग वैशाली म्हणाली, "काढा." मी एक काढला. फस आली. फोनवर "हं, घेतला" असं ऐकू आलं. मी परत एकदा बसवला. परत तेच झालं. ती रडायला लागली. तिसऱ्यांदा करायची हिंमत मला झाली नाही. स्वतःच्या बापावर प्रयोग करणारा माणूस म्हणून मी स्वतःला बघितलं आणि प्लग खिशात टाकले.

सलीम म्हणतो, इंजिन खोल, जे आत आहे ते बाहेर येऊ दे. वैशाली म्हणते, हात लावू नका. मी एकदा बोल्टला पाना लावलाही होता. पण उघडलं आणि ते त्यांच्याकडं परत गेलं नाही, नुसतं हवेत गेलं, तर? हे मला कोण सांगणार? मी पाना खाली ठेवला.

तेव्हापासून गाडी तशीच उभी आहे. मागची भोकं उघडी, वर पातळ मलमलचं कापड. रोज सकाळी थोडं तेल सोडून शाफ्ट हातानं फिरवतो, नाहीतर गंज धरेल आणि रोटर जाम होईल. जाम झाला तर काय होईल हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मुक्कामाला कुठं जात नाही. नांदेडला लग्नाला गेलो तरी जेवून लगेच परत. भोकासमोर हात धरायचा, चौथी फस आली की मग दुकान उघडायचं. कधीकधी ती यायला उशीर होतो. तेवढा वेळ मी काय असतो ते लिहून सांगता येणार नाही.

आणि अप्पा रोज विचारायचे. मी म्हणायचो, कार्बोरेटरचा पार्ट यायचाय. मग म्हणायचो, वायरिंग जळालंय. ते चाळीस वर्षांचे मिस्त्री, त्यांना बहाणा कळतो. एक दिवस म्हणाले, "बांधलं तर चालू काहून करून न्हाई राहिला? चालू न्हाई करायचं तर बांधलं कशाला?" त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. आल्यागेल्याला सांगायला लागले, पोराला जमलं न्हाई. भाकरी पुन्हा अर्ध्यावर आली. वैशाली मला म्हणाली, तुम्ही त्यांना जगवताय की मारताय.

अप्पांना खरं सांगायचा विचार केला नाही असं नाही. पण मी त्यांना ओळखतो. खरं कळलं असतं तर ते म्हणाले असते, लाव प्लग, ऐकू दे. आणि नुसतं म्हणाले नसते, करायला लावलं असतं.

मागच्या महिन्यात त्यांनी शिरड शहापूरच्या आपल्या जुन्या शागिर्दाला फोन केला. तुझ्या उस्तादाच्या पोराला इंजिन चालू व्हईना, येऊन बघून जा, असं. तो बिचारा हत्यारांची पेटी घेऊन सकाळी दारात हजर. तो काय करणार होता? आधी प्लग बसवणार. मी शेडच्या दारात आडवा उभा राहिलो. अप्पा खिडकीतून बघत होते. आणि मला दुसरं काही सुचलं नाही, मी म्हणालो, काही उपयोग नाही, इंजिन गेलंय. भोकं मोठी करताना माझ्याकडून ग्राइंडर जास्त चालला, रोटरचं घर चिरलं. माझीच चूक. इतके दिवस सांगायला लाज वाटत होती.

शागिर्दानं अप्पांकडं बघितलं, अप्पांनी त्याला हातानं जा म्हटलं. चहा न घेता गेला तो. मी आत गेलो. आता चार शब्द ऐकायचे म्हणून खाली बसलो. मी त्यांचे श्वास मोजत होतो, ती आता सवयच झालीय.

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा.

"म्या बी घालवलं व्हतं एक," ते म्हणाले. "सिद्धेश्वरच्या खाली, एका बागायतदाराचं. त्याला सांगितलं की इंजिनाचा ब्लॉकच फुटका व्हता. फुटका न्हवता. म्या फोडला." थांबले. मी वाट बघितली. श्वास आला. "तू कबूल तरी केलंस. मला ते बी झालं न्हाई."

त्या दिवसापासून ते माझ्याशी पुन्हा बोलतात. जेवतात. आल्यागेल्याला सांगतात, पोरगं खरं बोलतं. इंजिनाचं नाव काढत नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून.

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. पेट्रोलची वाफ नाही, सीलमधली गळती नाही, आणि तुम्ही भूत म्हणालात तर माणूस जिवंत आहे, आतल्या खोलीत पेपर वाचतोय. कुणाकडं काही उत्तर असेल तर जरूर लिहा, फक्त प्लग लावून बघा असं सांगू नका. बाकी इंजिनात चीर वगैरे काही नाही. दोन्ही रोटर बराबर आहेत, सील एकदम घट्ट आहेत, चावी फिरवली तर ते पहिल्या झटक्यात उठेल. माझ्या हातून झालेलं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे ते. आणि हे ज्या एका माणसाला सांगावंसं वाटतं, त्याला मला सांगता येत नाही.